पदवीच्या वाटेवरचे दहा किलोमीटर

हदगाव तालुक्यातल्या मुलीने बारावीनंतर शिकायचं ठरवलं की तिच्यापुढे दोन अंतरं उभी राहतात. पहिलं मोठं. हदगावहून वारंगाफाटा, अर्धापूर करत नांदेड साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटर आणि तिथून गोदावरी ओलांडून लातूर रस्त्याने विष्णुपुरी आणखी आठ-दहा. तिथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. हे अंतर रोज कापायचं नसतं. तिकडे प्रवेश घेतला की मुलगी वसतिगृहात नाहीतर खोली करून राहते. दुसरं अंतर छोटं, पण रोजचं. ते गावापासून तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंतचं. निवघा, तळणी, मनाठा, आष्टी, पिंपरखेड, तामसा या मंडळांतल्या गावांहून आणि वाड्या-तांड्यांवरून ते कुठे पाच, कुठे दहा, कुठे वीस किलोमीटर भरतं.

विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झालं. त्याआधी नांदेड, लातूर, परभणी आणि आजच्या हिंगोलीच्या मुलांचं विद्यापीठ होतं औरंगाबादला. गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायची तरी रात्रीची गाडी पकडावी लागे. विद्यापीठ दाराशी यावं म्हणून ते विभागलं गेलं, पुढे लातूरला आणि परभणीला उपकेंद्रंही झाली. तीस वर्षांत मोठं अंतर असं बरंच आखडलं. गाव ते तालुका हे अंतर मात्र जिथल्या तिथे आहे. विजेवर चालणारी सायकल ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती याच अंतरासाठी. शहरात ती हौसेची आणि व्यायामाची वस्तू म्हणून विकली जाते. तिची खरी गरज हदगावसारख्या तालुक्यात आहे आणि तिच्याकडे शिक्षणाचं साधन म्हणून पाहायला हवं, हे सांगण्यासाठी हा लेख.

बस आहे, पण

एसटीचे उपकार ग्रामीण महाराष्ट्रावर मोठे आहेत, यात शंका नाही. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना पास मोफत मिळतो. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना निम्मं तिकीट आहे. तेव्हा अडचण पैशांपेक्षा वेळेची जास्त आहे. आडवळणाच्या गावाला सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक. तास अकराला संपले तरी गाडी पाचची. प्रात्यक्षिक लांबलं तर शेवटची गाडी गेलेली. गाडी आलीच नाही तर फाट्यापर्यंत पायी, पुढे ॲटो, आणि ॲटो भरेपर्यंत ताटकळणं. घरी पोचायची वेळ नक्की सांगता येत नाही, हे मुलीच्या शिक्षणाच्या मुळावर येतं. आईबापाचा विश्वास लेकीवर असतो, उशिराच्या रस्त्यावर नसतो.

एकाच साधनावर सगळी भिस्त ठेवली की काय होतं, हे २०२१-२२ च्या हिवाळ्यात दिसलं. नोव्हेंबर २०२१ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. करोनानंतर वर्ग नुकतेच सुरू झाले होते आणि खेड्यातली मुलं पुन्हा घरी बसली. कर्मचाऱ्यांच्या मागण्या त्यांच्या जागी होत्याच, पण गाव आणि महाविद्यालय यांच्यामध्ये दुसरा धागाच नव्हता, हेही तेव्हा उघडं पडलं.

सरकारने या अंतराचा विचार केलाच नाही असं नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल, त्यापुढे बस, अशी त्या योजनेची मांडणी. निळ्या बसगाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण योजना बारावीला थांबते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क पूर्ण माफ केलं. फार चांगला निर्णय. पण वर्गात बसण्याचा खर्च माफ झाला तरी वर्गापर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न शिल्लकच आहे.

यंत्र जवळून

विजेची सायकल म्हणजे काय, हे नीट पाहिल्याशिवाय तिची उपयुक्तता कळत नाही. सायकल नेहमीचीच. पेडल, चेन, ब्रेक सगळं ओळखीचं. मागच्या चाकाच्या मधोमध नेहमीपेक्षा जाड हब असतो, त्यात मोटार. तिरक्या नळीवर किंवा कॅरिअरखाली किल्लीने निघणारी बॅटरी. पेडलच्या आसापाशी बारीक चुंबकं बसवलेली एक चकती असते आणि तिच्याशेजारी सेन्सर. पाय फिरला की चकती फिरते, सेन्सरला ते कळतं, तो कंट्रोलरला सांगतो आणि मोटार हात देते. पाय थांबला की मोटार थांबते. ब्रेक दाबला की वीज तिथेच तुटते. बॅटरी संपली तरी सायकल सायकल राहतेच, थोडी जड लागते इतकंच. पेट्रोल संपलेल्या मोटारसायकलीचं तसं नाही. ती ढकलतच न्यावी लागते.

पाय मारावा आणि मोटारीने साथ द्यावी ही कल्पना मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली जपानच्या यामाहाने, १९९३ साली. तिथे ती आधी म्हाताऱ्यांना आणि मुलांना शाळेत सोडणाऱ्या आयांना उपयोगी पडली. स्पर्धेच्या सायकलींशी तिचा संबंध नव्हता. रोजचं ओझं वाहणाऱ्या माणसाचा शीण कमी व्हावा, हा तिचा मूळ हेतू. सपाट रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरने जायला साधारण शंभर वॉट शक्ती लागते. धडधाकट माणूस तेवढी थोडा वेळ देऊ शकतो. पण पाठीवर दप्तर, कॅरिअरला डबा, समोरून वारा आणि मध्येच चढ आला की दहा किलोमीटरनंतर पहिल्या तासाला डोळे मिटायला लागतात. घामाने भिजून वर्गात बसणं मुलींना नको असतं, तेही साहजिक आहे. ही सायकल चढावरचा आणि वाऱ्यातला जोर आपल्या अंगावर घेते. अर्ध्या-पाऊण तासात दहा किलोमीटर होतात आणि माणूस अभ्यासाला शाबूत राहतो.

कायदाही तिच्या बाजूने आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी असेल, ताशी २५ किलोमीटरला तिची मदत बंद होत असेल आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर अशी पेडलची सायकल मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नोंदणी नको. अकरावी-बारावीची मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात. त्यांच्या हाती बापाची मोटारसायकल दिली आणि पकडले गेले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी गावोगाव मुलं मोटारसायकली पळवतात, कारण दुसरं साधनच नाही. हेल्मेटची सक्ती या सायकलीला नसली तरी नांदेड-नागपूर राष्ट्रीय महामार्गावर चाक घालणाऱ्या प्रत्येकाने ते घातलंच पाहिजे.

सोयाबीनच्या भाषेत हिशेब

बऱ्यापैकी सायकल २५ ते ३५ हजारांना पडते. ३० हजार धरू. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे सायकलीची किंमत झाली साडेपाच-सहा क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. कोरडवाहू एकराचं जवळजवळ सगळं पीक. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिकं पाण्यात गेली. त्या वर्षी कुठल्या बापाने हा खर्च करावा? म्हणून सायकल स्वस्त आहे असं मी म्हणणार नाही. चालवायला ती स्वस्त आहे, विकत घ्यायला नाही. प्रश्न इथेच अडतो आणि सुटलाच तर इथेच सुटेल.

रोजचा खर्च पाहा. ३६ व्होल्ट आणि साडेसात अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २७० वॉट-अवर. चार्जरमधली घट धरून पाव युनिटापेक्षा थोडी जास्त वीज. घरगुती दराने एकदा चार्ज करायला अडीच-तीन रुपये. पाय मारत गेलं तर तेवढ्यात पंचवीस-तीस किलोमीटर होतात. मोटारसायकलला पन्नासचं ॲव्हरेज धरलं तरी पेट्रोलच किलोमीटरला दोन रुपयांच्या वर जातं. रोजचे वीस किलोमीटर म्हणजे महिन्याला हजाराच्या आसपास.

विकणारे इथवरचाच हिशेब सांगतात. पुढचाही सांगितला पाहिजे. बॅटरी झिजते. साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिचा दम कमी होऊ लागतो. नवीनला दहा हजार धरले आणि ५०० चार्जमध्ये साडेबारा हजार किलोमीटर झाले, तर बॅटरीचा खर्च किलोमीटरला ८० पैसे पडतो. विजेचे दहा पैसे त्यात मिळवले तरी रुपयाच्या आत. म्हणजे इथे बॅटरी हेच खरं इंधन, फक्त त्याचे पैसे आधी मोजायचे. आता यातून निघणारी एक गोष्ट ध्यानात घ्या. दहा किलोमीटरवरच्या गावातली मुलगी वर्षाचे दोनशे दिवस महाविद्यालयात आली, तर वर्षाला चार हजार किलोमीटर होतात आणि तीन वर्षांना बारा हजार. बॅटरीचं आयुष्य आणि पदवीची तीन वर्षं जवळपास जुळतात. पुढच्या सगळ्या विचाराचा पाया मला या आकड्यात दिसतो.

काळी माती, ऊन आणि वीज

पैनगंगा आणि कयाधूच्या या पट्ट्यात जमीन काळी, भारी. इसापूर धरणाच्या कालव्यावर ऊस, हळद, केळी, तर उरलेल्या रानात सोयाबीन आणि कापूस. पावसाळ्यात पाणंद रस्त्याने सायकल काढली की ही माती टायरला धरते, मग मडगार्डात कोंबते, आणि शंभर पावलांत चाक फिरेनासं होतं. तुराटीने चिखल उकरत उभं राहायचं. इथे मोटारही हात टेकते. अडलेल्या चाकावर जोर दिला तर मोटार आणि कंट्रोलर तापतात. म्हणून गावाला लागणारी सायकल शहरी सायकलीसारखी नसावी. मडगार्ड आणि टायर यांत हातभर नाही तरी दोन बोटं मोकळी जागा हवी, टायर जाड हवेत, कॅरिअर दणकट हवं, आणि वायरींचे जोड पाण्यापासून झाकलेले हवेत. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असताना कुठलीही सायकल घालू नये, हे वेगळं सांगायला नको.

ऊन हा दुसरा शत्रू. एप्रिल-मेमध्ये, ऐन परीक्षांच्या दिवसांत, नांदेडचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. उन्हातून आल्या आल्या तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. तास-दीड तास सावलीत निवू द्यावी. महाविद्यालयात सायकली पत्र्याखाली नाही, झाडाखाली लावाव्यात. चार्जिंगला तीन-चार तास पुरतात, त्यामुळे गावठाण फीडरची वीज रात्री दोन-तीन तास गेली तरी काम भागतं. निघणारी बॅटरी घरात नेऊन साध्या पिनेवर लावता येते.

त्यातच धोकाही आहे आणि तो झाकून उपयोग नाही. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादला एका लॉजच्या तळाशी असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला आग लागली आणि धुराने वरच्या मजल्यावरची आठ माणसं दगावली. फेब्रुवारी २०२४ मध्ये चीनच्या नानजिंग शहरात इमारतीच्या तळमजल्यावर लावलेल्या विजेच्या सायकलींपासून आग पसरून पंधरा माणसं गेली. चीनमध्ये अशी वाहनं तीस कोटींच्या वर आहेत, म्हणून प्रमाण लहान वाटेल. पण वसतिगृहात एका खोलीत चार मुलं राहतात आणि दाराशीच चार्जर लावतात, तिथे प्रमाण बघत बसता येत नाही. जिन्याखाली, दारापाशी, पलंगाशेजारी चार्जिंग नको. वेगळी मोकळी जागा, मूळ कंपनीचाच चार्जर आणि रात्रभर लावून न ठेवण्याची शिस्त, हे नियम वसतिगृहाच्या फलकावर आधी लागले पाहिजेत आणि सायकली नंतर आल्या पाहिजेत.

बाजारातल्या फसवणुकीबद्दलही सांगायला हवं. ‘लायसन्स नको, पासिंग नको’ अशा पाट्यांखाली ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त जोराच्या मोटारींची वाहनं सर्रास विकली गेली. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याला अशा बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम काढावी लागली. नियमात बसणाऱ्या वाहनाला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असतं. दुकानदाराकडे ते मागावं. तो टाळाटाळ करू लागला तर पुढच्या दुकानात जावं.

पुण्याचा धडा, बिहारचा धडा

विद्यापीठाच्या आवारात सायकल आणण्याचा महाराष्ट्रातला गाजलेला प्रयोग डिसेंबर २०१७ मधला. पुण्याच्या स्मार्ट सिटी योजनेत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मोबाईल ॲपवर मिळणाऱ्या साध्या सायकली आल्या. विद्यार्थ्यांनी उत्साहाने वापरल्या. पण सायकली मोडल्या, कुठेही टाकल्या गेल्या, आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या. ज्याच्या-त्याच्या हाती जाणारी सायकल कुणाचीच नसते, हा त्यातला धडा. विष्णुपुरीच्या सुमारे सहाशे एकरांच्या आवाराला आणि शेजारच्या अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना विजेच्या सायकली हव्यात, पण जबाबदारी कुणाची हे आधी ठरवून. लातूरमध्ये शिकवणीच्या भागात आजही साध्या सायकलींच्या रांगा दिसतात. तिथे अंतरं लहान आहेत, मोटारीची गरज नाही. प्रत्येक ठिकाणी बॅटरीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. जिथे पाय थकून शिक्षण सुटतं तिथेच ती हवी.

दुसरा धडा बिहारचा, आणि तो मोलाचा आहे. २००६ मध्ये तिथल्या सरकारने नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत फरक सर्वाधिक पडला. अंतर हीच अडचण होती आणि ती हटली की मुली येतात, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? नववीच्या मुलीला तीन-पाच किलोमीटरला साधी सायकल पुरली. पदवीच्या मुलीचं अंतर दुप्पट-तिप्पट आहे, म्हणून तिला विजेची जोड हवी. तर्क तोच, फक्त पुढच्या इयत्तेत नेलेला.

दिल्ली सरकारने २०२२ मध्ये विजेच्या सायकलीवर पहिल्या दहा हजार खरेदीदारांना साडेपाच हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केलं. अशा सायकलीला अनुदान देता येतं, एवढं त्यातून कळतं. पण तिसाची वस्तू पंचविसाला झाली तरी कोरडवाहू घराला ती महागच. अनुदानाने ज्याची घ्यायची ऐपत होतीच त्याचं भलं होतं. ज्याची नाही, तो तसाच उभा राहतो.

एका तालुक्यापुरती योजना

म्हणून सायकल विद्यार्थ्याच्या मालकीची नसावी. ती महाविद्यालयाची असावी. पाच ते पंधरा किलोमीटरवरून येणाऱ्या, बस गैरसोयीची असलेल्या मुलींना आधी आणि मग गरजू मुलांना, प्रवेशाच्या वेळी ती ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी नावावर लिहून द्यावी. तीन वर्षं एकीचीच, म्हणजे ती जपते. पुण्याची चूक त्यामुळे टळते. पेलेल एवढी अनामत घ्यावी, पदवी झाली की सायकल जमा करून अनामत परत. तोवर बॅटरीचंही आयुष्य सरलेलं असेल. मग नवी बॅटरी, टायर आणि ब्रेक घालून तीच सायकल पुढच्या तुकडीला. म्हणजे पहिल्या वेळी माणशी ३० हजार, पुढच्या प्रत्येक तुकडीला बारा-पंधरा हजार. शंभर सायकलींना सुरुवातीला ३० लाख लागतील. जिल्हा नियोजन समितीच्या निधीत ही रक्कम बसवता येण्यासारखी आहे.

दुरुस्तीचं काय, हा पहिला आक्षेप येईल. हदगावसारख्या गावात विहिरी-बोअरच्या मोटारी भरून देणारी रिवायंडिंगची दुकानं असतात. तांब्याची तार ओळखणारे हात इथे आहेतच. सायकलीच्या मोटारीतले सेन्सर आणि कंट्रोलर त्यांना नवे असतील, पण ते शिकता येतं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा अभ्यासक्रम आता आलेला आहे. महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी या महाराष्ट्रात श्रम आणि शिक्षण एकत्र बांधलं. सायकलींची देखभाल त्या योजनेतल्या मुलामुलींकडे द्यावी, मानधन द्यावं, आणि आयटीआयच्या शिक्षकाने महिन्यातून एकदा तपासणी करावी. चार्जिंगची जागा प्रयोगशाळेपासून दूर, मोकळ्या शेडमध्ये असावी आणि छतावर सौर पॅनेल टाकता आले तर उत्तमच.

आणि नोंद ठेवावी. कोण किती दिवस वर्गात आली, किती सायकली वर्षभर धावल्या, कुठे मोडल्या, किती मुली दुसऱ्या वर्षाला टिकल्या. तीन वर्षांनी हे आकडे विद्यापीठापुढे ठेवले तर चारही जिल्ह्यांच्या महाविद्यालयांना पुढे काय करायचं ते ठरवता येईल. आकडे वाईट निघाले तर योजना बंद करावी आणि तो पैसा एसटीच्या जादा फेऱ्यांवर खर्चावा. चांगले निघाले तर मानव विकासच्या सायकलीची मर्यादा बारावीवरून पदवीपर्यंत आणि पाच किलोमीटरवरून पंधरापर्यंत नेण्याची मागणी आपल्याला पुराव्यानिशी करता येईल. सुरुवात एका तालुक्याने करायची आहे. ती हदगावने करावी, पुढच्या जूनच्या प्रवेशांपासून.